रुग्ण मनाने कमकुवत

मंगळवारी सकाळी थोरली प्रयोगशाळेत आली ती खुशीत होती, आणि त्या खुशीचं कारण होतं नंबर एकशे सत्तेचाळीस.

घरी दोघी बहिणींतली मोठी म्हणून ती थोरली. प्रयोगशाळेत तिला या नावाने कुणी हाक मारत नसे, तिथे ती मॅडम होती, वरिष्ठ शास्त्रज्ञ होती आणि अठरा वर्षं स्वादुपिंडाच्या कॅन्सरवर काम करत होती. पण ही गोष्ट तिच्या घरात शिरणार आहे, म्हणून आपण तिला थोरलीच म्हणू.

शेजारच्या इस्पितळात पेशंटच्या पोटात दुर्बिणीतून सुई घालून गाठीचा इवलासा तुकडा काढतात. त्यातला थोडा बर्फाच्या डब्यातून थोरलीकडे येतो. डब्यावर नाव नसतं. नंबर असतो, वय असतं, स्त्री की पुरुष ते असतं. तो तुकडा जेलमध्ये रुजवायचा, शरीराइतक्या उबेच्या कपाटात ठेवायचा, गुलाबी द्रव घालून जगवायचा. जगला तर त्याचे सूक्ष्म गोळे वाढतात आणि त्या गोळ्यांवर औषधं लावून बघता येतात. बहुतेक तुकडे पहिल्या आठवड्यातच मान टाकतात. एकशे सत्तेचाळीस मात्र सहा आठवड्यांत असा फोफावला होता की चार बशा भरून उरला. नव्या औषधाला तो दाद देत होता, आणि वर्षभर रखडलेला शोधनिबंध त्याच्या जिवावर पुढे सरकला होता.

"काय बाईसाहेब, आज काय म्हणता?" मायक्रोस्कोपला डोळा लावून थोरली म्हणाली. डब्यावर 'स्त्री, ५४' लिहिलेलं होतं, म्हणून बाईसाहेब. "गुणी आहे गं ही. बाकीच्यांना जरा शिकव म्हणावं."

शेजारी उभी असलेली संशोधक मुलगी हसली नाही. ती थोरलीच्या हाताखाली पीएचडी करत होती आणि तिच्या हातात शोधनिबंधासाठी केलेला एक तक्ता होता. कुठल्या पेशंटने संमती कधी दिली, सही कुणी केली, असा तो तक्ता होता.

"मॅडम, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"आधी विचार. मग ठरवते."

"पुरुष पेशंट जवळजवळ सगळे स्वतः सही करतात. बायकांच्या फॉर्मवर सही असते नवऱ्याची, नाहीतर मुलाची. एकसष्ट बायकांत स्वतः सही केलेल्या नऊच आहेत."

"आजारी असतात गं त्या."

"पुरुषही आजारीच असतात, मॅडम."

थोरलीने मायक्रोस्कोपवरून डोळा काढला. "फॉर्ममध्ये तशी सोय आहे. कलम सहा."

"हो. 'रुग्ण सही करण्याच्या स्थितीत नसल्यास जवळच्या नातेवाइकाने सही करावी व कारण लिहावे.' म्हणून मी रेकॉर्डच्या क्लार्ककडून नुसती कारणं उतरवून घेतली." मुलीने चष्मा वर सरकवला. "बावन्न फॉर्मपैकी चाळीसवर एकच कारण आहे. रुग्ण मनाने कमकुवत."

कलम सहा तिचंच होतं. आठ वर्षांपूर्वी सॅम्पलं आटली होती, तेव्हा सर्जन बैठकीत म्हणाले होते, "तुमच्या फॉर्मवर कॅन्सर हा शब्द छापलाय. नवरे म्हणतात, हा कागद आमच्या बायकोला दाखवायचा नाही. मग सही मी कुठून आणू?" थोरलीने समोरचा कागद ओढला आणि ते वाक्य लिहून दिलं. दहा मिनिटंही लागली नसतील. सगळ्यांनी तिची पाठ थोपटली, पुढच्या महिन्यापासून सॅम्पलं पुन्हा येऊ लागली, आणि बायकांना कळलं काय नि नाही कळलं काय, याची चौकशी करायची गरज तिला आठ वर्षांत एकदाही वाटली नाही.

"मी बघते," ती मुलीला म्हणाली.

रेकॉर्डची खोली तळमजल्यावर होती. क्लार्कने रजिस्टरमध्ये तिची सही घेतली, फायलींचा गठ्ठा टेबलावर ठेवला आणि तो चहाला गेला. थोरली उभ्याउभ्याच वाचू लागली, मग खुर्ची ओढून बसली.

रुग्ण मनाने कमकुवत. रुग्ण हळवी आहे. पत्नीस सांगू नये, रडेल. आईला यातले काही समजत नाही. एका बाईचा व्यवसाय लिहिला होता, निवृत्त परिचारिका. तीस वर्षं जिने लोकांची मरणं उशाशी बसून पाहिली असतील तिच्या नावापुढे मुलाने लिहिलं होतं, मनाने कमकुवत. एक बाई शाळेची मुख्याध्यापिका होती, ती कमकुवत. एक टॅक्सी चालवायची, तीही कमकुवत. सगळ्या कमकुवत बायका याच एका इस्पितळात कशा जमल्या होत्या? हे कागद नासलेल्या दुधासारखे होते, एक हुंगला की पुढचे हुंगायची इच्छा राहत नव्हती. पण तिने सगळे वाचले.

शेवटून तिसरा एकशे सत्तेचाळीसचा होता.

आधी तिला अक्षर ओळखू आलं. रेघ मारल्यासारखं सरळ, दोन शब्दांत नेमकं अंतर, प्रत्येक वाक्यापुढे ठळक पूर्णविराम. या अक्षरात दरवर्षी तिच्या वाढदिवसाला पत्र येई. ते अक्षर होतं मास्तरांचं, तिच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचं. नाते, पती. कारण, रुग्ण मनाने कमकुवत. आणि वर पेशंट म्हणून नाव होतं ते धाकटीचं.

थोरलीने फॉर्म मिटला, पुन्हा उघडला. मग ती कोपऱ्यातल्या बेसिनशी गेली आणि तिने कोपरापर्यंत हात धुतले. पुसले, परत धुतले. हातांना काहीच लागलेलं नव्हतं, आणि तरी ते तिला स्वच्छ वाटेनात. सहा आठवडे ती ज्याला बाईसाहेब म्हणत होती, गुणी म्हणत होती, ज्याच्या वाढीवर खूश होत होती, तो तिच्या पाठच्या बहिणीचा कॅन्सर होता. तिला स्वतःची इतकी किळस याआधी कधी आली नव्हती.

सहा आठवड्यांपूर्वी ती परदेशात परिषदेला गेली होती. धाकटीने फोनवर सांगितलं होतं, "अगं, मी पिवळी पडल्ये. पित्ताचे खडे म्हणे. दुर्बीण घालून काढले, आता बरी आहे." आणि अठरा वर्षं पिवळ्या पडलेल्या माणसांचेच तुकडे कापत बसलेली ही विदुषी म्हणाली होती, "बरं झालं बाई, काळजी घे." परत आल्यावर दोनदा फोन झाला होता. भेटायला जायचं राहूनच गेलं होतं.

तिने तिथूनच पोटाच्या डॉक्टरांना फोन लावला. बहीण आहे म्हटल्यावर ते चपापले. "मॅडम, खरंच कल्पना नव्हती हो. गाठ रक्तवाहिनीला टेकलीय. आधी केमो देऊन ती आक्रसली तर ऑपरेशनची संधी होती. मी पहिल्याच दिवशी सुचवलं. मिस्टर नको म्हणाले."

"का?"

"केमोने केस जातील. केस गेले की त्यांना कळेल. म्हणून."

"आणि तुम्ही ऐकलंत?"

"घरचेच ठरवतात ना, मॅडम. असंच चालतं. तुम्हाला काय सांगायचं?"

खरंच होतं, तिला काय सांगायचं? असंच चालावं म्हणून वाक्य तर तिनेच लिहून दिलं होतं.

धाकटीचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. पहिल्या मजल्यावर दार किलकिलं झालं आणि शेजारीणकाकूंनी थोरलीचा हात धरला. "आलात? बरं झालं. आम्ही कुणी तोंडातून अवाक्षर काढलेलं नाही हं. सगळ्या बिल्डिंगला ताकीद दिलीय मास्तरांनी. पोरं तिच्याकडे बघत उभी राहतात मेली, त्यांना दटावावं लागतं." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि आवाजात मोठ्या कामगिरीवर असल्याचा उत्साह होता. थोरलीने हात सोडवून घेतला.

म्हणजे काकूंना माहीत होतं, काकूंच्या पोरांना माहीत होतं, कोपऱ्यावरच्या किराणावाल्यालाही एव्हाना माहीत असणार. जिचं पोट, तिला तेवढं माहीत नव्हतं.

मास्तरांनी दार उघडलं. शाळा सोडून त्यांना दोन वर्षं झाली होती, पण अजूनही घरात ते इस्त्रीचा शर्ट घालत. थोरलीच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांना सगळं कळलं असावं. काही न बोलता ते तिला स्वयंपाकघरात घेऊन गेले, आणि आधी त्यांनी नळ सोडला. पाण्याची धार भांड्यांवर आपटू लागली तेव्हा ते बोलू लागले. नळ इतक्या सराईतपणे सोडला होता की या घरात सहा आठवडे बोलणं असंच चालत असणार, हे थोरलीने ओळखलं.

"ती आत बसलीय. हळू बोला, ताई."

ओट्यावर औषधांच्या बाटल्या ओळीने मांडल्या होत्या. मूळ लेबलं खरवडून काढली होती आणि त्या सुरेख अक्षरात नवी चिकटवली होती. शक्तीची गोळी. भूक लागण्याची. झोपेची. थोरलीने 'शक्तीची' उघडून पाहिली. आत दुखणं मारायच्या गोळ्या होत्या, चांगल्या जबर.

"मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही तिला सांगितलं असतं."

"अर्थात सांगितलं असतं!"

"म्हणूनच नाही सांगितलं." मास्तर शांतपणे म्हणाले. "ताई, तुम्ही शिकलेल्या आहात, मला आदर आहे. पण तिच्याबरोबर एकतीस वर्षं संसार मी केलाय. ती खचेल. दिवस थोडे आहेत, ते हसतखेळत जावेत एवढीच माझी इच्छा आहे."

"खचेल? पोहायला शिकवते ती, मास्तर. गळ्यापर्यंत पाण्यात उभी राहून चाळीस चाळीस पोरांवर ओरडते. दोन मुलं खोल पाण्यातून ओढून काढली तिने, आणि काठावर मी होते, मी किंचाळत होते. कमकुवत कोण आहे?"

"ते वेगळं, हे वेगळं."

"हे तुम्हाला झालं असतं तर?"

मास्तरांना प्रश्न नीटसा कळलाच नाही. "मला? मला सांगावंच लागलं असतं ना. माझे व्यवहार आहेत, काही निर्णय घ्यायचे असतात."

"आणि तिचे?"

"तिचं सगळं मीच तर बघतो."

हे त्यांनी अगदी साधेपणाने सांगितलं. हा माणूस दुष्ट असता तर बरं झालं असतं, त्याच्यावर हात उगारता आला असता. पण मास्तर रात्रंदिवस बायकोची उशी सारखी करत होते, तिला घोट घोट सूप पाजत होते आणि प्रेमाने तिच्या आयुष्यातले आठवडे एकेक करून कचऱ्यात टाकत होते. अशा प्रेमाची शिसारी यायला हवी, वाचकहो. आपण मात्र त्याला आदर्श पती म्हणतो आणि जिन्यात त्याची वाहवा करतो.

"सहा आठवडे गेले, मास्तर. केसांसाठी."

"मी नियमाबाहेर काही केलेलं नाही." पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "फॉर्मवर तसं कलम आहे. सिस्टरने बोट ठेवून दाखवलं, कारण काय लिहायचं तेही सांगितलं. कुणा जाणत्या माणसाने विचार करूनच केला असेल ना तो नियम?"

"दहा मिनिटांत केला," थोरली म्हणाली. "मी केला."

तिने हात पुढे करून नळ बंद केला. घर एकदम शांत झालं.

"काय कुजबुज चाललीये दोघांची?" आतून धाकटीचा आवाज आला. आवाज अजून तोच होता, तलावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा. "ताई आलीय ना? तिचे बूट वाजले. इकडे पाठवा तिला."

धाकटी खिडकीशी टेबलावर वही घेऊन बसली होती. दंडाच्या काड्या झाल्या होत्या आणि डोळ्यांच्या पांढऱ्यात पिवळी झाक होती. पुढच्या हंगामाच्या मुलांची यादी ती करत होती, बुडायला घाबरणारे एका बाजूला, अतिशहाणे दुसऱ्या बाजूला.

"ये. बघ ना, मॅनेजरने माझी सकाळची बॅच त्या नव्या पोरीला दिली. मी असली शिवी हासडली फोनवर! म्हटलं, पुढच्या महिन्यात येते, मग बघते तुझ्याकडे. ताई, तू डॉक्टर नाहीस, पण तुला कळतं. हा अशक्तपणा अजून किती दिवस चालायचा?"

थोरली तिच्यासमोर बसली. वाटेत तिने दहा वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आठवलं नाही. तिने धाकटीचा हात हातात घेतला.

"ते खडे नव्हते. स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे तुला."

दारात मास्तर उभे होते. धाकटीने त्यांच्याकडे पाहिलं नाही. तिने पेनाचं टोपण लावलं.

"कधीपासून माहितेय?"

"यांना सहा आठवडे. मला आज सकाळपासून."

"आणखी कुणाला?"

थोरलीने मास्तरांकडे पाहिलं.

"खालच्या काकूंना?" तिने मास्तरांना विचारलं. त्यांनी मान खाली घातली. "म्हणून ती माझ्या डोक्यावरून हात फिरवते. आणि मॅनेजरला? त्यालाही सांगितलंत? म्हणून तो शिव्या ऐकून घेत होता, चकार शब्द बोलला नाही." तिने वही पुढ्यातून दूर लोटली. "मी सगळ्यांना सांगत सुटले होते, पुढच्या महिन्यात येते, नवीन टोप्या मागवून ठेवा, आणि ते सगळे माना डोलवत होते. सगळ्यांना माहीत होतं. मी एकटीच येडी."

"तुझ्यासाठीच गं," मास्तर रडू लागले. "तुला त्रास होऊ नये म्हणून..."

"रडू नका." धाकटी म्हणाली. "आत्ता माझी पाळी आहे. तुम्ही नंतर रडा."

आणि ती रडली. पाच मिनिटं, टेबलावर डोकं ठेवून, मोकळ्या गळ्याने. खालच्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं असेल. मग तिने ओढणीने नाक पुसलं आणि विचारलं, "औषध नाही का यावर?"

थोरलीने सांगितलं. केमोचं सांगितलं, ऑपरेशनची संधी होती ते सांगितलं, आता ती आहे की नाही हे नवी तपासणी केल्याशिवाय कळणार नाही हेही सांगितलं. केसांचंही सांगितलं.

"केस?" धाकटी नवऱ्याकडे वळली. "माझे केस? अहो, माझं अर्धं आयुष्य रबरी टोपीत गेलं! माझे केस शेवटचे नीट कधी पाहिले होते तुम्ही?"

मास्तर दाराच्या चौकटीला धरून खाली बसले. त्यांना उठवायला कुणी गेलं नाही.

"अजून एक आहे," थोरली म्हणाली. हे तिला सगळ्यात जड गेलं. "तुझ्याऐवजी यांनी सही केली, ती ज्या कलमाखाली, ते कलम मी लिहिलंय. आठ वर्षांपूर्वी. सॅम्पलं मिळावीत म्हणून. आणि तुझ्या गाठीचा तुकडा माझ्याकडे आहे. सहा आठवडे मी तो वाढवतेय. मला माहीत नव्हतं तो तुझा आहे."

"वाढवतेय म्हणजे? जिवंत आहे?"

"हो."

"मी मेल्यावरही राहील?"

"ठेवला तर राहील."

"मला न विचारता."

"हो. तुला न विचारता."

धाकटीने आपला हात सोडवून घेतला. बहिणीकडे तिने अशा नजरेने पाहिलं की थोरलीला वाटलं, यापेक्षा तिने मुस्काटात दिली असती तरी चाललं असतं.

"तू पण यांच्यातलीच," धाकटी म्हणाली. "हे नळ सोडून बोलतात, तू नंबर घालून. आधी ते टाकून दे. मग माझ्याशी बोल."

"तुझ्यासारख्या शंभर बायकांच्या उपयोगी..."

"मग मला विचारायचं होतंस. कदाचित दिलंही असतं. उद्या विचारलंस तर कदाचित देईनही. पण आज ते माझं आहे आणि मी म्हणते टाक."

बुधवारी सकाळी थोरलीने उबेच्या कपाटातून एकशे सत्तेचाळीसच्या चारही बशा काढल्या. गोठवून ठेवलेल्या कुप्याही काढल्या. संशोधक मुलगी धावत आली. "मॅडम, काय करताय? निबंधाचा अर्धा भाग याच्यावर आहे!"

"निबंध अर्धाच होईल."

"असं सॅम्पल परत मिळणार नाही, मॅडम. तुम्हीच म्हणाला होतात."

"हे आपल्याला मिळालेलंच नव्हतं. आपण उचललं होतं." थोरलीने ब्लीचची बाटली उघडली. "शेजारी उभी राहा आणि वेळ लिही. नोंद नीट हवी."

तिने एकेका बशीत ब्लीच ओतलं. गुलाबी रंग उडाला. एक थेंबही बाहेर सांडला नाही. मुलीने वेळ लिहिली आणि खाली सही केली.

शुक्रवारी समितीची बैठक झाली. कलम सहा काढून टाकावं, पेशंट शुद्धीवर असेल तर सही पेशंटचीच, नाहीतर सॅम्पल घ्यायचं नाही, असा ठराव थोरलीने मांडला. सर्जन उसळले. "सॅम्पलं निम्म्यावर येतील. संशोधन बंद पाडायचंय का तुम्हाला?" एक सदस्य म्हणाले, "कुटुंबाच्या भावना असतात, आपण कोण मध्ये पडणार?" दुसऱ्यांनी सुचवलं, कलम राहू द्या, शब्द जरा सौम्य करू. जे आठ वर्षांपूर्वी थोरलीची पाठ थोपटत होते तेच आज नाकं मुरडत होते. तिने प्रत्येकापुढे एकेक कोरा फॉर्म ठेवला.

"यावर आपल्या बायकोचं नाव लिहा. खाली कारण लिहा, मनाने कमकुवत. आणि हा कागद आज घरी नेऊन तिला वाचायला द्या. ज्यांची तयारी असेल त्यांनी कलमाच्या बाजूने हात वर करावा."

हात एकही वर झाला नाही. त्यांना पटलं असं कुणी समजू नये, ते फक्त घाबरले होते. पण कलम गेलं.

धाकटीची नवी तपासणी झाली. गाठ रक्तवाहिनीला वळसा घालून पुढे गेली होती आणि ऑपरेशनची वेळ टळलेली होती. केमोने काही महिने मिळतील असं डॉक्टर म्हणाले, आणि या वेळी ते तिच्याशी बोलले, तिच्याकडे बघून. मास्तर बाहेरच्या बाकावर बसले होते. धाकटीने तीन प्रश्न विचारले, फॉर्म सावकाश वाचला आणि आपल्या वाकड्यातिकड्या अक्षरात सही केली. मास्तरांशी ती जेमतेम बोलते, पण सूप त्यांच्याच हातचं घेते. आठवड्यातून दोनदा डोक्याला टोपी घालून तलावाच्या काठी खुर्चीवर बसते आणि नव्या शिक्षिकेच्या चुका काढते. थोरलीने तिला तुकड्याबद्दल अजून पुन्हा विचारलेलं नाही. विचारायचा धीर झालेला नाही.

मेलेल्या बायकांना विचारता येत नाही. ज्या बावन्न जणींच्या सह्या दुसऱ्यांनी केल्या होत्या त्यांतल्या अकरा हयात होत्या, धाकटी सोडून दहा. संशोधक मुलगी म्हणाली, पत्रं पाठवू. पत्रं कोण फोडणार हे थोरलीला पुरतं ठाऊक होतं. तिने यादी समोर ठेवली, आपल्या खोलीचं दार लावून घेतलं आणि पहिला नंबर फिरवला. वर्षभरापूर्वीचं सॅम्पल होतं, स्त्री, ४७.

"कोण बोलतंय?" पुरुषाचा आवाज होता.

थोरलीने आपलं नाव, इस्पितळाचं नाव सांगितलं. पलीकडे एकदम आवाज खाली गेला.

"ती घरातच आहे. तिला काही माहीत नाहीये हो. बरी आहे असं समजते. तुम्हाला काय सांगायचंय ते मला सांगा, मी बघतो."

"मला त्यांच्याशीच बोलायचंय."

"अहो बाई, तुम्हाला कळत नाही का? ती मनाने फार..."

मागून बाईचा आवाज आला. कुणाचा फोन आहे हो, इतकं हळू काय बोलताय? आणि तो म्हणाला, काही नाही, तू पड.

"फोन त्यांच्याकडे द्या," थोरली म्हणाली.

श्वास ऐकू येत होता, फोन ठेवलेला नव्हता.

"द्या. मी थांबलेय."